देवजीची बदली

तलासरीच्या नाक्यावर मी चहा पिणं सोडलं आहे. चहा उत्तम असतो, भरपूर आलं घातलेला. पण पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत बाकाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस सरकत सरकत जवळ येतो आणि विचारतो, "सर, खरं सांगा. ती देवजीची बदली झाली नसती, तर आपण कप मारला असता की नाही?"

यातल्या 'आपण'ने माझं टाळकं सटकतं. या 'आपण'ला मी एकतीस वर्षांत एकदाही मैदानावर पाहिलेलं नाही. फक्कीने लाइनी आखायला हा नव्हता, गोलचा आडवा बांबू कलला तेव्हा तो धरायला हा नव्हता, कासाच्या मॅचला टेम्पोत दाटीवाटीने उभं राहायलाही हा नव्हता. कप मारायचा म्हटला की मात्र 'आपण'. आणि हरलो की 'सर, तुम्ही'.

तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकतो. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, पण मला पुन्हा विचारू नये.

मी खेळाचा मास्तर. तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली. लोकांना वाटतं, खेळाचा मास्तर म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारा सुखी जीव. शाळेत ज्या कामाला कुणी वाली नसतो ते काम खेळाच्या मास्तरचं असतं. तांदळाची पोती उतरवून घ्या, पाहुण्यांच्या खुर्च्या लावा, वर्गात साप निघाला तर काठी घेऊन जा. मी सापाला किती घाबरतो हे मुलांना ठाऊक होतं. त्यामुळे साप निघाला की अख्खी शाळा सापाऐवजी मला बघायला जमायची.

यातून उरलेल्या वेळात शाळेचा खेळ, आणि शाळा सुटल्यावर मोठ्या माणसांचा संघ. आमच्याच शाळेतून शिकून गेलेले बाप्ये, कुणी सेंट्रिंगच्या कामावर, कुणी उंबरगावच्या कंपनीत, संध्याकाळी हायवेलगतच्या मैदानावर फुटबॉल खेळायला यायचे. त्यांचा कोच, मॅनेजर, कारकून आणि वेळ पडली तर धोबी, सगळं मीच. राहायला मात्र मसोलीला, म्हणजे डहाणू रोडच्या अंगणात. त्यावरून संघातले लोक मला 'जावई' म्हणत. दिवसभर तलासरीत मान घ्यायचा आणि संध्याकाळची बस धरून आपल्या घरी जायचं.

देवजी या संघाचा स्टॉपर. स्टॉपर म्हणजे मागच्या फळीतला मधला माणूस. त्याच्या मागे गोलकीपर आणि त्याच्या मागे देव. देवजी सेंट्रिंगचं काम करायचा. उंच, रुंद, आणि बोलण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. मैदानावर त्याचा एकच शब्द, "थांब!" समोरचा फॉरवर्ड खरोखर थांबायचा. मला आठवतं, कासाला एकदा पंचांनी ऐन वेळी फर्मान काढलं की नडगीला संरक्षण असल्याशिवाय कुणालाही खेळू देणार नाही. मी डोकं चालवलं. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या उभ्या कापल्या आणि एकेकाच्या मोज्यात खुपसल्या. संघ धावायला लागला आणि सगळ्या मैदानभर कडकड, कडकड. दहा मिनिटांनी देवजी माझ्याकडे आला, बाटल्या काढून हातात ठेवल्या आणि म्हणाला, "सर, यानं माझा पाय वाचेल. पण मी मागून येतो ते त्याला आधीच कळतं."

असा देवजी नऊ वर्षं मागे उभा होता, म्हणून आम्ही हरत नव्हतो. पण जिंकतही नव्हतो. शून्य-शून्य, शून्य-शून्य, आणि मग पेनल्टीत बाहेर. नाक्यावरचे लोक आम्हाला 'भोपळा संघ' म्हणत. हे तेच लोक, ज्यांना आता तो भोपळा सोन्याचा वाटायला लागला आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. रविवारी सकाळी माझ्या मसोलीच्या घरी जगदीशभाई आले. डहाणूच्या संघाचे मॅनेजर, डहाणू रोडला हार्डवेअरचं दुकान. घरात गुजराती, दुकानात मराठी आणि सौदा करताना दोन्ही.

"सर, तुमच्याकडे भिंत आहे, माझ्याकडे बंदूक आहे," बसता बसता ते म्हणाले. "तुमचा गोल होत नाय, माझ्यावर होतेला गोल थांबत नाय. कासाच्या स्पर्धेला बदलून टाकू ने! देवजी मला, हेमंत तुम्हाला."

हेमंत म्हणजे डहाणूचा हिरो. मुंबईला कुठल्याशा मोठ्या संघाच्या निवड चाचणीला जाऊन आला होता. निवड झाली नाही, पण येताना नारिंगी बूट घेऊन आला. त्याच्या गोलांचा एक व्हिडिओ होता, गाणं लावलेला. जगदीशभाईंनी तो मला मोबाइलवर दाखवला. नऊ गोल! मी तीनदा पाहिला, तिसऱ्यांदा तर चष्मा पुसून. गोल मुळात चारच होते आणि तेच वेगवेगळ्या बाजूंनी दाखवले होते, हे मला पुढे कळलं.

ठरलं ते असं. कासाच्या स्पर्धेपुरता देवजी तिकडे, हेमंत इकडे. मग ज्याचा त्याला परत. त्यानंतर आमच्या भागातल्या आठ संघांची साखळी स्पर्धा होती, आणि तिला मला देवजी हवाच होता.

आता हा कागदाचा भाग नीट समजून घ्या. खेळाडूचं नाव एका संघाकडे नोंदलेलं असतं. दुसरीकडून खेळायचं तर पहिल्या संघाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते स्पर्धा चालवणाऱ्या समितीकडे जमा होतं. एकदा नाव कायमचं हललं की त्या हंगामात परत येत नाही. पत्र मीच लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात: 'आमचा खेळाडू देवजी यास आपल्या संघात बदली म्हणून देण्यास आमची हरकत नाही.' माझ्या डोक्यात होता तो बदली खेळाडू. एक बाहेर येतो, दुसरा आत जातो, काम झालं की संपलं.

जगदीशभाईंचं पत्र टाइप केलेलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'फक्त कासा येथील स्पर्धेपुरते'. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या मी लाल पेनाने दुरुस्त करून दिल्या, वर दोन शब्द कौतुकाचेही बोललो. माझ्या पत्रात एकही चूक नव्हती.

देवजीला हे मी सांगितलं नाही. आमचा कॅप्टन नवसू, त्याला म्हटलं, "देवजीला सांग, कासाला तो डहाणूकडून." नवसूने सांगितलं. देवजी काही बोलला नाही. काही बोलला नाही म्हणजे तयार आहे, असं मी धरलं. तो कधीच काही बोलत नाही, हे मी अगदी सोयीस्करपणे विसरलो.

कासाला आम्ही पहिल्याच सामन्यात पाच-एक हरलो. हेमंत मध्यभागी हात वर करून उभा राहायचा, पायात पास द्या म्हणून. आमच्या लोकांना पुढे पास द्यायची सवयच नव्हती. आम्ही चेंडू लाथाडायचो आणि देवावर सोडायचो. तरी त्याने एक गोल केला, आणि तो देखणा होता, खोटं कशाला बोलू. सामना संपल्यावर नवसू म्हणाला, "सर, हिरोचा गोल भारी होता. आपल्यावर पाच झाले ते पण व्हिडिओत टाका, गाणं मोठं होईल." हेमंत त्याच संध्याकाळी डहाणूला गेला. पत्रात लिहिल्याप्रमाणे.

मग मी साखळीसाठी आमची यादी पाठवली. यादी परत आली. देवजीच्या नावावर रेघ, आणि पुढे शेरा: 'बदली झालेला खेळाडू.'

कासाला शाळेच्या एका खोलीत दुपारी समितीची बैठक लागली. कासाच्या स्पर्धेची आणि साखळीची समिती एकच. तिच्यात तिघे जण, तिघेही निवृत्त शिक्षक. आणि शिक्षकाला 'बदली' म्हटलं की जगात एकच अर्थ असतो. ऑर्डर येते, माणूस सामान बांधतो, नवीन गावाला जातो. या शब्दाच्या धास्तीत ज्यांची उभी हयात गेली त्यांच्यापुढे मी तो शब्द स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता!

मी बोललो. बदली कामगार असतो, बदली ड्रायव्हर असतो, बदली खेळाडू असतो, असं बरंच काही. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुमची स्वतःची कधी बदली झाली का?"

"झाली होती एकदा."

"मग दुसऱ्या दिवशी जुन्या शाळेत शिकवायला गेला होतात?"

"अहो, पण तो अर्थ वेगळा—"

"वेगळा होता तर 'बदली खेळाडू' लिहायचं. तुम्ही लिहिलंत 'बदली म्हणून देण्यास'. देण्यास! देऊन मोकळे झालात."

जगदीशभाई एका कोपऱ्यात बसले होते. "मी तर कासापुरतंच म्हणत होतो," ते म्हणाले. "पण आता समितीच बोलते, तर मी काय बोलणार ने?" तोंडाने हे, आणि चेहरा बक्षिसात फ्रीज लागल्यासारखा. एवढा राग आला मला! त्यांच्यावर, समितीवर, मराठी भाषेवर, आणि तीन चुका सुधारून देणाऱ्या त्या लाल पेनावर.

पण खरा संताप यायला हवा होता तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो मला तेव्हा आलाच नाही. कामाचा खाडा करून देवजी आला होता. चपला दाराशी काढून व्हरांड्यात उभा होता. आत आम्ही पाच शिकलीसवरलेली माणसं तासभर त्याच्याविषयी वाद घालत होतो. शब्दाचा अर्थ काढला, नियम काढला, माझ्या नोकरीचा इतिहास काढला. त्याला आत बोलावून 'बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे' असं एकानेही विचारलं नाही. समितीने नाही, जगदीशभाईंनी नाही, मीही नाही.

बाहेर येऊन मी म्हटलं, "देवजी, या हंगामात नाही जमणार."

तो म्हणाला, "म्हणजे आपल्यासमोर पण खेळायला लागेल?"

"लागेल."

त्याने चपला घातल्या आणि जीप धरायला निघून गेला.

चार दिवसांनी तलासरीच्या बाजारात मला त्याची बायको यमुना भेटली. सुक्या बोंबलाच्या वाट्यासमोर. नवरा जेवढा मुका तेवढी ही तोंडाळ.

"सर, आमच्या माणसाची बदली झाली म्हणे डहाणूला?"

"अगं, ते तसं नाही—"

"झाली तर झाली. क्वार्टर कुठं दिलाय ते सांगा, म्हणजे भांडीकुंडी बांधायला घेते."

अर्धा बाजार हसला. मीही हसलो, काय करणार? मग ती वाटा पिशवीत टाकता टाकता खालच्या आवाजात म्हणाली, "आणि बदलीचा अर्ज त्यानं केलेला का, सर?"

हे ऐकायला बाजार नव्हता. मी एकटाच होतो. त्या दिवशी मी काहीही न घेता बाजारातून परत आलो.

साखळीत डहाणूशी आमचा सामना आमच्याच मैदानावर झाला. देवजी निळ्या शर्टात. एक-शून्यने ते पुढे, शेवटची दोन मिनिटं. नवसूने मारलेला चेंडू गोलकीपरला चुकवून आत चालला होता. मी उडीसुद्धा मारली होती. देवजीने लाइनीवर पाय लांबवून तो बाहेर काढला. जसा नऊ वर्षं आमच्यासाठी काढायचा, तसाच, मन लावून. सामना तिथेच संपला.

आणि मग लोक ओरडायला लागले. "फितूर! विकला गेला!" कुणीतरी पाण्याचं पाऊच फेकलं, ते त्याच्या खांद्यावर फुटलं. ज्यांनी त्याला पाठवला ते आम्ही खुर्चीत, आणि फितूर तो! माझं डोकंच फिरलं. मी धावत गेलो आणि त्या गर्दीला असं काही फैलावर घेतलं की बस. फक्त रागाच्या भरात तोंडातली शिट्टी काढायची राहिली होती. माझं ते सगळं भाषण फुर्र, फुर्रर्र, फुर्र असंच ऐकू गेलं. लोकांना वाटलं, सर मैदान मोकळं करा म्हणतायत. ते घरी गेले.

डहाणूने साखळीचा कप जिंकला. आणि तेव्हापासून नाक्यावर हिशेब सुरू झाला: बदली झाली नसती तर. त्यातल्या हुशारांनी पुढचाही शोध लावला, की सरांचं घर मसोलीत, म्हणून सरांनी देवजी मुद्दाम गावाला भेट दिला. तोंडावर म्हणत नाहीत. पण मी दिसलो की चहावाल्याला 'डहाणूकरांना पहिला द्या' म्हणतात.

मला तो हिशेब काय येत नाही? माझ्याकडे प्रत्येक सामन्याची वही आहे. निवृत्तीनंतर शाळा सुटली, संघ तेवढा हातात राहिला, आणि वेळच वेळ होता. एके दुपारी बसलो आणि त्या हंगामातल्या प्रत्येक सामन्यात देवजीला परत मागे उभा केला. एक-शून्य हरलेल्याचं शून्य-शून्य झालं. दोन-एक हरलेल्याची बरोबरी झाली. कितीही ओढून ताणून बसवलं तरी आम्ही तिसरे येत होतो. अहो, गोल कोण करणार होतं? देवजी गोल वाचवत होता, घालत नव्हता. तेव्हा नाक्यावरच्या मंडळींनो, ऐका: बदली झाली नसती तरी कप आपल्याला मिळाला नसता. मिळाला असता तो आणखी एक भोपळा.

हे उत्तर काढून मी खूश होतो. निर्दोष सुटलो असं वाटलं. त्याच खुशीत देवजीला परत मागणारं पत्र लिहायला घेतलं. 'देवजी यास' इथपर्यंत आलो आणि पेन अडलं. यमुनाचं ते बाजारातलं बोलणं आठवलं. कागद खिशात घातला आणि बस धरली.

देवजी घरामागे वाल लावलेल्या वाडीचं कुंपण बांधत होता. मला खाटेवर बसवलं आणि हातातलं काम पुरं करून मगच समोर आला.

"देवजी, परत येणार का आपल्याकडे?"

"कुठं खेळवणार?"

मला प्रश्नच कळला नाही. "कुठं म्हणजे? स्टॉपर."

"मला पुढं खेळायचंय."

मी हसलो. तो हसला नाही. माझं हसू तसंच अर्धवट राहिलं.

"हे कधीपासून?"

"शाळेपासून."

"अरे मग बोलायचं नाही?"

"सातवीत बोललो होतो. तुम्ही म्हणाले, तू उंच आहे, मागं उभा राहा. मग राहिलो उभा."

सातवीपासून! नऊ वर्षं आमचा संघ गोल करणारा माणूस शोधत होता. त्या शोधात मी ज्याला देऊन टाकला, त्याला गोल करायचा होता. आणि वहीतल्या प्रत्येक सामन्यात मी त्याला पुन्हा मागेच उभा करून हिशेब मांडला होता, घरातलं कपाट जिथल्या तिथे ठेवावं तसा.

यमुना दारातून म्हणाली, "आता कागद तरी नीट लिहा, सर."

देवजीने सांगितलं आणि मी लिहिलं. 'स्वतःच्या इच्छेने' हे शब्द त्याचे. 'पुढच्या फळीत' हेही त्याचेच. पत्रात असलं काही लिहीत नाहीत, असं मी म्हणणार होतो. नाही म्हटलं. जगदीशभाईंनी दुकानातच सही केली आणि म्हणाले, "मला पण बोलला होता तो एकदा, पुढे खेळतो म्हणून. मी म्हटलं, अरे भिंतीला कोण पुढे ठेवतो?" मी त्यांच्यावर भडकणार होतो, पण कुठल्या तोंडाने?

नव्या हंगामाचा पहिला सामना आमच्याच मैदानावर. देवजी पुढे. पहिला चेंडू त्याने असा हाणला की तो थेट हायवेवर गेला आणि एका ट्रेलरवाल्याने करकचून ब्रेक मारला. दुसऱ्यांदा तो चेंडूवरूनच पडला. तिसऱ्यांदा गोल समोर मोकळा होता आणि त्याला काय झालं कोण जाणे, सवयीने त्याने चेंडू अडवून परत मागे मारला. तिकडे मागे जागा मोकळी पडलेली. आमच्यावर तीन गोल झाले. लोक माझ्या पाठीमागे येऊन ओरडत होते, "सर, देवजीला मागं घ्या! मागं घ्या हो!"

शेवटची दहा मिनिटं उरली असताना एक चेंडू त्याच्या नडगीवर आपटला आणि गोलकीपर उजवीकडे झेपावला असताना रमतगमत डावीकडून आत गेला. दिसायला अगदीच सामान्य. व्हिडिओ काढण्यासारखा मुळीच नाही. देवजी ओरडला नाही, नाचला नाही. जाळ्यापाशी जाऊन चेंडूकडे बघत उभा राहिला. मग तो काखेत मारून चालत मध्यावर आला.

तीन-एक. मागची गर्दी आता अगदी काकुळतीला आली होती. "सर, झाला ना त्याचा गोल? आता तरी मागं घ्या, अजून चार बसतील!" नवसू धापा टाकत लाइनीपाशी आला. "सर, काय करू? बोलवू मागं?"

"मला काय विचारतोस?" मी खेकसलो. "तो उभा आहे तिथे. त्याला विचार."

नवसू पळत गेला. दोघं काय बोलले ते लांबून ऐकू आलं नाही. देवजीने मान आडवी हलवली, एवढं दिसलं.

आम्ही चार-एक हरलो.